साधा फोन घेतला म्हणजे सुटलो? मग पीक पाहणी कोणाच्या फोनवर करायची?

चोपडेकर :
परवा इथे जळगावच्या एका दादाने लिहिलं होतं, स्मार्टफोन विकून टाकला, गोलाणी मार्केटमधून बटणाचा साधा फोन घेतला, तीन महिने झाले, रात्रीची झोप परत आली, पोरांशी बोलणं होतं वगैरे. वाचून खरंच बरं वाटलं. पण शेवटी काय लिहिलं, "ज्याला मनापासून सुटायचं तो सुटतोच, बाकीच्यांचे नुसते बहाणे." ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून आज लिहून टाकतो, लांब होईल, माफ करा.

माझं पाच एकर. तीन एकर कापूस, दोन एकर केळी. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून सातबाऱ्यावर पेरा, म्हणजे कोणतं पीक लावलं ती नोंद, आपली आपण मोबाईलवरून लावायची. आपल्या शेताच्या गटात उभं राहून फोटो काढायचा. नाही लावला तर पेरा कोरा, आणि पेरा कोरा म्हणजे भरपाई, विमा, हमीभावाची खरेदी, सगळीकडून हात हलवत परत यायचं. २०२५ पासून सीसीआयला, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाला, कापूस द्यायची नोंदणीपण कपास किसान ॲपवर गेली. केळीचा भाव सकाळी ग्रुपवर येतो, रावेरचा काय, बऱ्हाणपूरचा काय, तो बघितल्याशिवाय व्यापाऱ्याशी बोलायचं म्हणजे डोळे मिटून माल देणं. कापणीला आलेला घड काही आठ दिवस थांबत नाही.

मी रात्री रील बघतो का, बघतो. वेळ जातो का, जातो. पण फोन फेकणं माझ्या हातात नाही, ते सरकारने आणि बाजाराने काढून घेतलंय. ज्याची नोकरी एसीत आहे त्याने याला बहाणा म्हणू नये.

मेहरूण_तलाव :
तो जळगावचा दादा मीच. एसी वगैरे काही नाही भाऊ, डाळ मिलमध्ये हिशोब लिहितो, उन्हाळ्यात पंचेचाळीसला पंखा गरम हवा फेकतो आमच्या डोक्यावर.

बहाणे का लिहिलं ते सांगतो, मग ठरव. माझे बाबा अर्धांगवायूने दीड वर्ष खाटेवर होते. एका रात्री मी त्यांच्या पायथ्याशी बसून फोन बघत होतो. त्यांनी पाणी मागितलं, मी हो म्हणालो. परत मागितलं, मी परत हो म्हणालो. तिसऱ्यांदा मागितलंच नाही. आई आतून उठून आली आणि तिने दिलं. मला काही बोलली नाही, भांडं घासून ठेवलं आणि जाऊन झोपली. बाबा त्यानंतर चार महिने होते, पण रात्री त्यांनी मला कधी हाक मारली नाही, आईलाच मारायचे. काय बघत होतो तेव्हा ते आज आठवतपण नाही.

त्याआधी मी सगळं करून पाहिलं होतं. ॲप काढून टाकलं, दोन दिवसांत परत टाकलं. टाइम लिमिट लावली, ती आपणच लावलेली म्हणून आपणच काढतो. स्क्रीन काळीपांढरी करून पाहिली, आठवड्यात डोळ्याला सवय झाली. घरात बाटली ठेवून दारू सुटत नाही. म्हणून विकला.

भुसावळ_प्लॅटफॉर्म :
दादा, वाचून गलबलून आलं. पण व्यसन हा शब्द जपून वापरा असं माझं मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार घेतला, मोबाईलचं व्यसन म्हणून वेगळा आजार त्यात नाही. दारुड्याचे हात थरथरतात, तसं इथे होत नाही.

आणि दोष सगळा आपला नाही. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टावर रील सुरू. लोकांनी श्वास घ्यायच्या आत दुसरं ताट वाढलं. एक संपलं की खालून दुसरं येतं, कुठे थांबायचं ती जागाच ठेवलेली नाही. मी सुरत पॅसेंजरने नेहमी जातो, पूर्वी भुसावळपासून नंदुरबारपर्यंत डब्यात गप्पा चालायच्या, भुईमुगाच्या शेंगा फिरायच्या, आता अख्खा डबा मान खाली घालून बसलेला असतो आणि पन्नास फोन पन्नास आवाजात. इयरफोन लावायचीसुद्धा लाज नाही लोकांना. याच्यावर खरं तर वेगळं लिहायला पाहिजे.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावला २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, दीड तास टीव्ही मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. गावाने मिळून केलं तर होतं. एकट्याने फोन विकून नाही.

गोलाणी_रिपेअर :
मी दुकानवाला, नाव नाही सांगत. साधा फोन घ्यायला येणारे वाढले हे खरं, दोन वर्षांत जास्तच. पण घेणारे महिन्याभरात परत येतात त्यातले बरेच, म्हणून आधीच सांगतो.

पहिली गोष्ट, जिओचं टूजी नेटवर्कच नाही. घरातला जुना टूजी डबडा काढून त्यात जिओचं सिम टाकाल तर टॉवरच येणार नाही, फोरजी कीपॅडवालाच लागतो. दुसरं, त्यात व्हॉट्सॲप मिळेल या आशेने घेऊ नका, जिओफोनवर २०१८ ला आलं होतं ते आता बंद झालं. तिसरं, पैसे पाठवता येतात. *९९# डायल करायचं, ते इंटरनेटशिवाय चालतं, आणि मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे आणलं, पण गिऱ्हाइकांना माहीतच नसतं. ओटीपी साध्या मेसेजनेच येतो, तो कुठल्याही फोनवर येतो. आणि नेटचे पैसे उगाच भरू नका, ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलंय की फक्त कॉल-मेसेजचा रिचार्ज वेगळा द्या. मागा, मिळतो, स्वतःहून कोणी दाखवत नाही.

पारोळेकर_आबा :
चोपडेकर, तुझं पीक पाहणीचं रडगाणं काही पटलं नाही. एकाच्या मोबाईलवरून दुसऱ्याचीपण पाहणी होते. भावाचा, पुतण्याचा घे. शेतकऱ्याची मुदत संपली की राहिलेली पाहणी सरकारने नेमलेला सहायक करतो. वर्षातून दोन-तीन वेळचं काम, त्याच्यासाठी ३६५ दिवस फोन लागतो म्हणायचं?

चोपडेकर :
आबा, तुम्ही केली आहे का कधी स्वतः? मोठे आहात म्हणून विचारतो, नाहीतर वेगळं बोललो असतो. आमचा गट सातपुड्याच्या पायथ्याला, तिथे रेंज नाही. फोटो काढायचा, मग तीन किलोमीटर डांबरीवर यायचं रेंजसाठी, नाही गेला तर परत जायचं. ज्याच्या मोबाईलवरून करायची त्याला सोबत न्यायचं, म्हणजे त्याचा दिवस पण मोडला. भर फवारणीत कोणता पुतण्या येतो?

आणि सहायकाचं सांगूच नका. माझ्या सख्ख्या चुलतभावाच्या कापसाला बांधावरून बघून सोयाबीन लावून गेला. कापूस घेऊन गेला तेव्हा कळलं, सातबाऱ्यावर सोयाबीन. हमीभाव गेला, व्यापाऱ्याला पडेल भावात दिला. क्विंटलमागे जे गेलं ते कोण देणार, तुम्ही?

पारोळेकर_आबा :
एका सहायकाने चूक केली म्हणून सगळे तसे? आणि तुझ्या भावाने आठ-दहा आठवड्यांत सातबारा एकदा उघडून बघितला नाही का? पूर्वी तलाठी घरी बसून पेरा लिहायचा, ज्वारीच्या जागी ऊस लिहायचा, ते विसरला वाटतं. आज निदान शेतकऱ्याच्या हातात आहे.

चोपडेकर :
हातात आहे म्हणूनच तर म्हणतो ना! हातात म्हणजे स्मार्टफोन. तुम्ही माझंच म्हणणं सांगून माझ्याशीच भांडताय.

अमळनेर_खान्देश :
कसाले भांडी राह्यनात भो. विषय काय होता, गेला कुठे. पण पीक पाहणीवर आबांचं अर्धं बरोबर, चोपडेकरांचं अर्धं बरोबर. आमच्याकडे गल्लीतली चार घरं मिळून एक दिवस ठरवतो, एक जण फोन घेऊन सगळ्यांच्या गटात फिरतो, संध्याकाळी त्याच्या घरी भरीत आणि कळण्याची भाकरी. पाहणीपण होते. मोटर तर साध्या फोनवरूनपण चालू होते, स्टार्टरला सिम असतं, कॉल लावला की झालं, त्याला काही अँड्रॉइड लागत नाही.

धुळ्याची_मास्तरीण :
शेतकऱ्यांचं चाललंय म्हणून गप्प होते. आमचं पण ऐका. रात्री दहाला ग्रुपवर निरोप, उद्या अकरापर्यंत माहिती भरा. कार्यक्रम केला की फोटो टाका, फोटो नाही तर कार्यक्रम झाला नाही. वर्गात फोन नको म्हणून पोरांना ओरडायचं आणि स्वतः त्यांच्यासमोर फोटो काढत फिरायचं. आम्ही शिकवतो केव्हा? साधा फोन घेतला तर दुसऱ्या दिवशी नोटीस येईल. मेहरूणदादांचा हेवा वाटतो मला, खरंच वाटतो, पण त्यांनी आम्हाला बहाणेवाले म्हणू नये.

मेहरूण_तलाव :
ताई, ज्यांची सक्ती आहे त्यांना म्हणालो नव्हतो. पण इथे प्रत्येकजण सक्तीच्या कामाची यादी देतोय, त्या कामाला दिवसाला किती वेळ लागतो ते कोणीच सांगत नाही. चोपडेकर, भाव बघायला पाच मिनिटं लागतात. उरलेल्या वेळाचं काय? खरं सांग.

शिरपूरची_सुई :
मेहरूणदादा, मी तुम्हाला एक विचारते, राग मानू नका. तुम्ही फोन विकला तर गॅस कोण बुक करतं? लाईटबिल? पोरांच्या शाळेचा ग्रुप कोणाच्या फोनवर आहे? तुमच्या नावाचा फॉर्म भरायचा असला तर?

हे विचारायचं कारण आमच्या ह्यांनीपण दिवाळीनंतर साधा फोन घेतला. सगळ्या नातेवाइकांत कौतुक, बघा किती शिस्त. आणि त्यांचं एकूणएक काम माझ्या फोनवर आलं. त्यांचे मित्र मला फोन करतात, त्यांना निरोप द्या. त्यांच्या भाच्याच्या लग्नाची पत्रिका माझ्या फोनवर. मी घरी ब्लाउज शिवते, गिऱ्हाईक मापाचा फोटो पाठवतं, डिझाइन पाठवतं, त्यावर माझं पोट आहे. मशीनवर बसले की दर दहा मिनिटांनी "अगं जरा बघ ना, काय आलंय." त्यांची सुटका झाली आणि माझा फोन दुप्पट झाला. वर मलाच म्हणतात, तू किती फोन बघतेस.

तुमचा साधा फोन तुमच्या घरातल्या बाईच्या स्मार्टफोनवर चालतो. हे कोणी लिहीत नाही.

चोपडेकर :
ताई, शंभर टक्के. हेच मला म्हणायचं होतं, मला सांगता आलं नाही. भावाचा घे, पुतण्याचा घे म्हणणाऱ्या आबांनापण हेच लागू.

पारोळेकर_आबा :
मला मध्ये ओढू नको. पण माझ्या सुनेच्या फोनवर माझे सगळे कागद आहेत हे खरं आहे. मी तिला कधी विचारलं नाही, तिला चालतं का म्हणून. ठीक आहे.

भुसावळ_प्लॅटफॉर्म :
म्हणून तर मी मघाशी म्हणालो, गावाने मिळून करा.

शिरपूरची_सुई :
भाऊ, भोंगा सातला वाजणार, त्या वेळी मी चुलीपाशी असते, माझा फोन तसाही बंदच असतो. माझी वेळ दुपारी दोन ते चार, तेव्हा मी आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची गाणी लावून हात शिवणीला लावते. ती पण बंद करायची का? अहिराणी गाणी आता पोरी म्हणत नाहीत, झोक्यावर कोणी बसत नाही, माझ्या आईची गाणी मला फोनमध्येच सापडली. फोन म्हणजे नुसतं व्यसन असं बोललं की मला त्रास होतो.

मेहरूण_तलाव :
ताई, काल रात्री तुमचं वाचलं, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर वाचतो मी हे. चिडलो होतो, खोटं नाही सांगत. घरी जाऊन बायकोला विचारलं, माझी कुठली कामं तुझ्या फोनवर आहेत. ती आधी म्हणाली राहू द्या. मग सांगत गेली. गॅस, लाईटबिल, दोघा पोरांच्या शाळेचे ग्रुप, माझ्या भिशीचा ग्रुप, माझ्या बहिणीचे रोजचे निरोप. भिशीचा ग्रुप तिच्या फोनवर आहे हे मला माहीतच नव्हतं, मित्रांनी परस्पर तिला घातलं. तीन महिन्यांत ती एकदाही बोलली नाही.

फोन परत घेणार नाही, त्यावर मी ठाम आहे. रात्री आई हाक मारते तेव्हा मी पहिल्या हाकेला उठतो, ते मला परत गमवायचं नाही. पण बहाणे हा शब्द मागे घेतो. भिशीवाल्यांना आज फोन करून सांगितलं, काय असेल ते मला कॉल करा. लाईटबिल उद्यापासून मी स्वतः जाऊन भरणार.

चोपडेकर :
दादा, तू विचारलं होतं उरलेल्या वेळाचं काय. परवा रात्रीची लाईट होती, केळीला पाणी सोडून बांधावर फोन घेऊन बसलो. पाणी फुटून शेजाऱ्याच्या हरभऱ्यात गेलं, मला तासाने कळलं. शेजारी काही बोलला नाही, म्हणून जास्त लागलं. पाहणी, भाव, नोंदणी सोडणार नाही, पण रात्री शेतात जाताना आता बॅटरी आणि वडिलांचा जुना डबडाच नेतो, बाकी घरी.

गोलाणी_रिपेअर :
त्या डबड्यात सिम कोणतं टाकलं ते आधी बघा, जिओ असेल तर रात्री शेतात अडचणीत कोणाला कॉल लागणार नाही.

मेहरूण_तलाव :
चोपडेकर, त्या शेजाऱ्याच्या हरभऱ्याचं काय झालं?

चोपडेकर :
दोन वाफे गेले. बी मी देतोय. आणि दादा, बिल भरायला सकाळीच जा, दुपारनंतर खिडकी बंद असते.