कॉलेजला मशीन द्यावं की पैसे? (बेळगाव, मेकॅनिकल)

फिक्स्चरवाला
बेळगावातून मेकॅनिकल करून सध्या चाकणला टूल डिझाइनमध्ये आहे. बॅचचे सहाजण मिळून कॉलेजला ५ लाख द्यायचं ठरतंय. काहीजण म्हणतात जुनं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं) लेथ घेऊन देऊ, काहीजण म्हणतात स्कॉलरशिप ठेवू. सहातला एकजण आता अमेरिकेचा नागरिक आहे. करसवलतीचं कसं असतं? आणि दिलेली वस्तू धूळ खात पडू नये म्हणून काय करावं?

उद्यमबागकर
सीएनसीचा नाद सोडा. जुनं मशीन बसेल बजेटात, पण थ्री-फेज लोड, स्टॅबिलायझर, कॉम्प्रेसर, कूलंट, होल्डर, इन्सर्ट हा खर्च कुणाच्या माथी? सुट्टीत मशीन महिनोन् महिने बंद राहतं, कंट्रोलरची बॅटरी उतरते, पॅरामीटर (मशीनची सेटिंग) उडतात. बॅकअप कुणी काढून ठेवलेला नसतो. मग वर ताडपत्री.

आपलं गाव फाउंड्रीचं, म्हणजे वाळूच्या साच्यात धातू ओतणाऱ्या कारखान्यांचं. साच्याची वाळू तपासायचा सँड टेस्टिंगचा सेट द्या की: रॅमर (वाळू ठोकून दाबणारा), परमिॲबिलिटी मीटर (वाळूतून हवा किती जाते ते मोजणारा), स्ट्रेंथ मशीन, मॉइश्चर टेस्टर (ओलावा मोजणारा). साधारण १५० ग्रॅम वाळू नळीत घालून रॅमरचे तीन ठोके द्यायचे, ५० मिमी व्यासाचा आणि ५० मिमी उंचीचा नमुना निघाला पाहिजे. उंची १ मिमीपेक्षा जास्त चुकली की नमुना टाकायचा आणि वाळूचं वजन कमी-जास्त करून पुन्हा. चौथा ठोका मारून उंची जुळवणारे असतात, तिथेच सगळे आकडे खोटे होतात. ओलावा जास्त झाला की वाफ होऊन कास्टिंगमध्ये (ओतलेल्या भागात) ब्लोहोल म्हणजे पोकळ्या, कमी झाला तर साचा ढासळून वाळू कास्टिंगमध्ये. हे पोरांच्या हाताला कळतं.

मॉइश्चर टेस्टर कार्बाइड पावडरवर चालणारा असेल तर पावडरचा डबा घट्ट बंद ठेवायला सांगा. हवा लागली की पावडर मरते आणि ओलावा कमी दाखवते.

हिशेबनीस
पैसे कॉलेज चालवणाऱ्या ट्रस्टच्या खात्यावर जातात. व्हीटीयूचा (विद्यापीठाचा) यात संबंध नाही, मच्छेला त्यांच्या ऑफिसात हेलपाटा घालू नका.

८०जी (देणगीवरची आयकर सवलत) फक्त पैशावर मिळतं, वस्तूवर नाही. म्हणजे मशीन तुम्हीच विकत घेऊन दिलंत तर सवलत गेली. पैसे ट्रस्टला द्या, खरेदी त्यांना करू दे. २,००० रुपयांवरची रोख देणगी चालत नाही. ट्रस्टच्या देणगीवर बहुतेक वेळा निम्म्या रकमेचीच वजावट, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. नवीन कररचना घेतली असेल तर काहीच नाही. पावतीवर भागवू नका, फॉर्म १०बीई (करसवलतीसाठीचं देणगी प्रमाणपत्र) मागून घ्या. माजी विद्यार्थी संघटना वेगळी नोंदलेली असते, तिला ८०जी आहेच असं धरून चालू नका.

अमेरिकन नागरिक मित्राचे पैसे एफसीआरएखाली (परदेशी देणग्यांचा कायदा) येतात, मग ते तुमच्या खात्यातून फिरवले तरी. ट्रस्टकडे एफसीआरए नोंदणी असेल तरच, आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या त्या ठरावीक खात्यातच. भारतीय पासपोर्टवाल्या एनआरआयला ही अडचण नाही.

खानापूर_लाइन
पैशापलीकडचं एक. मराठी माध्यमातून आलेली आमच्याकडची पोरं पाठ करून पास होतात, पण ड्रॉइंग हातात दिलं की डेटम (मापं जिथून घ्यायची ती बाजू) कुठला ते सांगता येत नाही. फाउंड्रीतून रिजेक्ट कास्टिंग भंगाराच्या भावात आणा, सोबत त्याचं ड्रॉइंग द्या आणि मधून कापायला लावा. श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी) कुठे आलं, रायझर (ती भरायला ठेवलेला जादा धातू) कुठे हवा होता, ते उघडं दिसतं. ड्रॉइंगवरचं कंपनीचं नाव आणि पार्ट नंबर काढा, लेखी परवानगी घ्या, नाहीतर नोकरीवर बेतायचं.

फिक्स्चरवाला
३ लाखांचा सँड सेट, २ लाख कॉर्पस (मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरायचा निधी), असं चालेल का?

हिशेबनीस
चालेल. कॉर्पस म्हणून देतोय आणि व्याज सँड लॅबच्या देखभालीलाच वापरायचं, हे देणगीच्या पत्रात लिहा. नंतर तोंडी सांगून उपयोग नाही. ७ टक्के धरले तर वर्षाला १४,००० येतात. कार्बाइड पावडर, कॅलिब्रेशन आणि किरकोळ दुरुस्ती त्यात बसवा.

उद्यमबागकर
आणि लॅब असिस्टंटचं ट्रेनिंग सप्लायरच्या कोटेशनमध्येच लिहून घ्या, एकाचं नव्हे दोघांचं. एक बदलून गेला की दुसरा असतो.