'हॅल्सिअन'चा अर्थ नुसता 'शांत' का?

कृष्णाकाठ
कोशात इंग्रजी 'हॅल्सिअन'ला (halcyon) 'शांत' एवढाच अर्थ दिलाय. मग 'आमचे सर फार हॅल्सिअन आहेत' असं मुलांनी लिहिलं तर बरोबर धरायचं का? आणि हा शब्द पक्ष्यावरून आला म्हणतात, ते खरं का?

शब्दवेडा सातारा
बरोबर धरू नका. हे विशेषण स्वभावाला लावत नाहीत. काळ, हवा, समुद्र यांना लावतात, त्यातही सर्वांत जास्त 'डेज'ला. सरांसाठी 'सिरीन' (serene, शांत वृत्तीचा) घ्या. 'प्लॅसिड'ही (placid) चालेल, पण त्यात थोडी थंड प्रकृतीची छटा येते.

'हॅल्सिअन डेज' म्हणजे बहुतेकदा मागे पडलेले सुखाचे दिवस. मराठीत 'शांत दिवस' केलंत तर त्यातली हुरहुर निघून जाते. 'ते सुखाचे दिवस' लिहा. उच्चारात 'सी'चा 'स' होतो, कारण पुढे 'वाय' आहे.

वाईकर
पक्ष्याचं खरं आहे. ग्रीकमध्ये 'अल्कियोन' म्हणजे खंड्या. वाऱ्यांचा अधिपती इओलस, त्याची मुलगी अल्कियोनी. तिचा नवरा केईक्स जहाज फुटून बुडाला, तिनेही समुद्रात उडी घेतली आणि देवांनी दोघांना पक्षी केलं. ती समुद्रावर अंडी उबवते तोवर बाप वारे कोंडून ठेवतो, अशी समजूत होती. असे दिवस 14 : हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाआधीचे 7 आणि नंतरचे 7. म्हणजे 'शांत' हा अर्थ मुळात वादळी ऋतूतल्या उघडिपीचा.

सुरुवातीचा 'ह' मागाहून चिकटला. ग्रीक 'हाल्स', म्हणजे समुद्र, याच्याशी लोकांनी चुकीचं नातं जोडलं.

पाखरू सांगली
घरट्याचा भाग निव्वळ कल्पना. खंड्या पाण्यावर घरटं करत नाही. नदीकाठच्या मातीच्या दरडीत चोचीने आडवं बीळ खणतो, मीटरभरापर्यंत खोल, आणि टोकाला अंड्यांपुरती जागा रुंद करतो. काड्यांचं अस्तर नसतं.

आपल्याकडे तारेवर बसतो तो तपकिरी डोक्याचा, पांढऱ्या छातीचा, लाल चोचीचा खंड्या. त्याचं शास्त्रीय नाव हॅल्सिअन स्मिर्नेन्सिस. ग्रीकांचा बहुधा छोटा निळा खंड्या, तो वेगळा. वर्गात चित्र जरूर दाखवा, पण अर्थ पक्ष्याच्या स्वभावात शोधायला लावू नका. हा चांगलाच कर्कश ओरडतो.

कृष्णाकाठ
मग 'हॅल्सिअन वेदर' चालेल?

शब्दवेडा सातारा
चालेल, वारा पडलेला आणि ऊन कोवळं असेल तर. मे महिन्यातल्या कोंदट दुपारीही वारा पडतो, तिला नको. या शब्दात सुख हवंच.