दृढीकरणाच्या वेळी विश्वासाचा अंगीकार स्वतःच्या शब्दांत

प्रश्न: सर्वांना सलाम. माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला असून पुढच्या महिन्यात दृढीकरण (तोच विश्वास मोठेपणी बिशपसाहेबांसमोर स्वतः कबूल करण्याचा विधी) आहे. प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाचे ठरलेले कबुलीवचन, तोंडपाठ आहे. तरीही पाळकसाहेबांनी मंडळीसमोर चार वाक्ये स्वतःची बोलायला सांगितली आहेत. त्यांत काय असावे?

पहिले उत्तर: बायबलमधील रोमकरांस पत्र १०:९ आधाराला घ्यावे, कारण येशू प्रभू आहे हे मुखाने कबूल करणे आणि देवाने त्याला मेलेल्यांतून उठवले असा अंतःकरणात विश्वास धरणे, या दोन्ही गोष्टी तिथे एकत्र आल्या आहेत. बाकीचे थोडक्यात आटपावे; साक्षीच्या नावाखाली आत्मचरित्र ऐकवणारे आपल्याकडे काही कमी नाहीत.

दुसरे उत्तर: किंचित असहमत. ब्राह्मण घरातल्या कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंची आणि त्यांची काही वर्षे ताटातूट झाली. आपल्याला तशी किंमत मोजावी लागत नाही. म्हणूनच आईवडिलांचा विश्वास आपला स्वतःचा कधी झाला, एवढे तरी प्रसंगासह सांगावे.

प्रश्नकर्ता: आजीच्या शेवटच्या दुखण्यात मी तिला २३ वे स्तोत्र वाचून दाखवत असे. तोच प्रसंग घेतो.

पहिले उत्तर देणारे: अवश्य घ्या, मात्र बोलण्याचा शेवट आजीवर न करता प्रभूवर करा, आणि कागद हाताशी ठेवा, बिशपसाहेबांसमोर भलेभले अडखळतात.