युट्यूब सुसाट, मीटिंग रडत… अॅपला वेगळा पॅक घे म्हणतोय, असं चालतं का?

टॉवेलवाला_जुळेसोलापूर
मंडळी घरात फायबर घेतलंय, गल्लीतल्याच केबलवाल्याचं. युट्यूब पाण्यासारखं पळतंय पण बाहेरगावच्या पार्टीला व्हिडिओ कॉल लावला की तोंड एकीकडं आन् आवाज दुसरीकडं, काल टॉवेलचं सँपल दाखवत होतो तर पार्टी म्हणते लाल हाय का मरून तेच कळेना, नुसते चौकोन दिसालेत. केबलवाल्याला बोललो तर म्हणतो मीटिंगच्या अॅपला वेगळा पॅक हाय, 200 रुपये जास्त. नेट एकच हाय की, मग अॅपचे वेगळे पैसे कशाचे बे?

जुनाखोड_सातरस्ता
एक रुपया देऊ नको लेका. 8 फेब्रुवारी 2016 ला ट्रायनं (फोन-नेट कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) नियम काढलाय, साइट बघून डेटाचा दर बदलायचा नाही. फेसबुकचं फ्री बेसिक्स, ठरावीक साइटच दाखवणारं, तर फुकट होतं, तरी त्याला इथनं गाशा गुंडाळावा लागला. दंड दिवसाला 50 हजार, जास्तीत जास्त 50 लाख. आन् एखादी साइट अडवायची, मुद्दाम स्लो करायची किंवा पुढं काढायची नाही हे 2018 ला सरकारनं मान्य केलं. 2015 ला ह्याच मागणीचे ट्रायला लाखांनी मेल गेले त्यात एक माझा होता, घरचे हसायचे तेव्हा. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याचं तिकीट तोंड बघून लावतेत का?

वायरमन_होटगीरोड
थांबा बे, लगेच फासावर नका देऊ त्याला. युट्यूब पळतंय कारण गुगलचे कॅशे सर्व्हर (व्हिडिओच्या कॉपी साठवणारे कॉम्प्युटर) बऱ्याच नेट कंपन्यांच्या नेटवर्कमध्येच बसवलेले असतात, व्हिडिओ जवळनंच येतो. कॉलमध्ये तुझं चित्र वर जायला पाहिजे, म्हणजे अपलोड, आन् स्वस्त प्लॅनात तिथंच मारतेत. कॉल चालू ठेवून व्हीपीएन लावून बघ, त्यानं तू कुठलं अॅप वापरतोय ते केबलवाल्याला दिसत नाही. सुधारला तर संशयाला जागा हाय (रस्ता बदलल्यानं पण होतं कधी कधी), नाही सुधारला तर अपलोड नाहीतर वायफाय. राऊटर कुठाय?

टॉवेलवाला_जुळेसोलापूर
टीव्हीच्या मागं 😅 व्हीपीएन लावलं, तेच चौकोन. मग वायर डायरेक्ट लॅपटॉपला खुपसली. स्पीड बघितला, डाउनलोड 70 एमबीपीएस, अपलोड 3.

वायरमन_होटगीरोड
सापडलं की मग. अख्ख्या लाईनचा स्पीड वाढवून जास्त पैसे मागितले तर तो रीतसर धंदा हाय, त्यात नियम मोडत नाही. पण अॅपचं नाव घेऊन पॅक विकत असला तर बिलावर तसंच लिहून माग.

जुनाखोड_सातरस्ता
आन् केबलवाला फ्रँचायझी असला तरी वर लायसन्सवाली कंपनी असतीच, तक्रार आधी तिच्याकडं टाक, तक्रारीचा नंबर घे.

टॉवेलवाला_जुळेसोलापूर
लेखी मागितलं. म्हणतो तो पॅक कालच बंद झाला. अपलोड अजून 3 च हाय.