मदत हवी आहे: थर्ड शिफ्टनंतर झोप होत नाही, चिडचिड आणि विसरभोळेपणा वाढलाय

नमस्कार मंडळी, चाकणला प्लांटमध्ये आहे, वय 41, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. थर्ड करून बसने घरी यायला साडेआठ होतात, नऊला आडवा होतो की दहाला भंगारवाल्याचा भोंगा, मग शेजारचा मिक्सर, एकूण चार तासांच्या वर झोप नाहीच. वर्षभर असंच चाललंय. आधी निभून जायचं, आता नाही जात.

परवा मुलीच्या हातून तांब्या पडला तर इतका ओरडलो की ती आजीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि पाच मिनिटांनी मलाच कळेना चिडलो कशावर. मशीनचं रीडिंग बघतो, रजिस्टरपर्यंत येईस्तोवर आकडा डोक्यातून गायब, परत मागे जातो (सुपरवायझरने पाहिलंय दोनदा). त्यात कुठेतरी वाचलं की पन्नाशी-साठीत 6 तास किंवा कमी झोपणाऱ्यांना पुढे डिमेन्शियाचा धोका जास्त, तेव्हापासून वेगळीच धास्ती. हे भरून निघतं का? गोळ्या नको वाटतात.

---

दादा, मी नर्स, नाइट ड्यूटीत आयुष्य गेलं. रात्री दोननंतर चहा बंद करा, कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. येताना बसमध्ये गॉगल घाला, लोक हसले तर हसू देत, सकाळचं ऊन डोळ्यात गेलं की मेंदूला वाटतं दिवस सुरू झाला. खिडकीला जाड काळा पडदा. आणि थर्ड करून बाइक चालवू नका, प्लीज.

---

तुम्ही म्हणताय तो ब्रिटनमधला 2021 चा अभ्यास, धोका साधारण 30 टक्के जास्त निघाला होता, पण म्हणजे तुम्हाला होणारच असं नाही, त्यात कमी झोपेमुळेच होतो हेही सिद्ध झालेलं नाही. चिडचिडीचं मात्र कारण सरळ आहे. एक रात्र जागवलेल्या लोकांना त्रासदायक चित्रं दाखवली तर भीती-रागाचा अमिग्डाला नावाचा भाग 60 टक्के जास्त उसळला, 2007 चा प्रयोग आहे. तांब्याचा दोष नाही हो. थायरॉइड, बी12 तपासून घ्या, गोळ्या नको असतील तर झोपेसाठी सीबीटी (विचार आणि सवयी बदलायची बिनगोळ्यांची थेरपी) असते ती विचारा, मन फारच खचलं तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन 14416 फुकट आहे. आणि एक, घोरता का? झोपेत श्वास अडकत असेल तर त्यानेही झोप मोडते.

---

धागाकर्ता: बायकोला विचारलं. म्हणे घोरता तर आहातच, पण मधेच एकदम गप्प होता आणि मग दचकून श्वास घेता, मला वाटायचं स्वप्न पडतंय. गुरुवारी सुट्टी टाकतोय. आधी फिजिशियनकडे जाऊ की थेट कान-नाक-घसावाल्याकडे?