मदत हवी आहे: जीन थेरपी कुठं होते? अर्जंट

दुधनाकाठ
मुलाला जीन थेरपी करायची आहे, एकदाच इलाज अन् रक्त चढवणं कायमचं बंद असं व्हिडिओत बघितलं. दर 20-22 दिवसाला परभणीहून नांदेडला नेऊन टेकीला आलोत, मागच्या खेपेला क्रॉसमॅच (दात्याचं रक्त जुळवून बघणं) होईना, सकाळी 9 ला गेलेलो, पिशवी लागली रात्री 10 ला. कुठं होते, खर्च किती? दीड एकर काढायची तयारी आहे. माहीत असंल त्यानंच सांगा.

किनवटकर
सिकलसेल ना? इकडं लै पेशंट आहेत. हायड्रॉक्सीयुरिया औषध चालू करा, भाच्याचं दुखणं निम्म्यावर आलं.

दुधनाकाठ
सिकल नाही हो, थॅलेसेमिया मेजर, अंगात रक्तच नीट बनत नाही! 20 दिवसाला रक्त म्हणल्यावर कळायला पाहिजे.

औंढ्याची ताई
सिकलमध्येबी काहींना दर महिन्याला चढवतात, चिडू नका. वय किती? फेरिटिन (अंगात साठलेल्या लोहाचा आकडा) किती?

मातीतला माणूस
गव्हांकुराचा रस, बीट, गूळ-शेंगदाणे. आमच्या चुलतीचं एचबी 7 वरून 11 झालं.

औंढ्याची ताई
दादा, चुलतीला लोह कमी पडलं असंल. ह्या लेकराच्या अंगात एकेका पिशवीतून 200 मिलीग्रॅमच्या वर लोह जायलंय, ते काढायला औषध द्यावं लागतं अन् तुम्ही वरून गूळ चारायलात!

मातीतला माणूस
बरं, राहिलं.

लॅबवाला लातूर
व्हिडिओतली ती कॅसजेव्ही नावाची जीन थेरपी असंल. थॅलेसेमियासाठी ब्रिटननं नोव्हेंबर 2023 मध्ये मंजुरी दिली, अमेरिकेनं जानेवारी 2024 मध्ये. पोराच्याच मूळ पेशी काढून नेतात, बीसीएल11ए जीनला अशी कात्री लावतात की गर्भात असतानाचं हिमोग्लोबिन परत बनायला लागतं, मग जोरदार केमो देऊन त्या पेशी आत सोडतात. अमेरिकेत किंमत 22 लाख डॉलर, 18 कोटींच्या वर. मंजुरी आली तेव्हा 12 वर्षांपुढच्यांनाच होती. दीड एकर काय, गाव विकलं तरी पुरायचं नाही. सख्खं भावंड आहे का ते सांगा, एचएलए (पेशींवरची ओळखखूण) जुळायचा चान्स 4 त 1. जुळलं तर त्या भावंडाचं बोन मॅरो (हाडातला रक्त बनवणारा मगज) बसवणं इथंच होतंय, कोल इंडियाच्या पैशातून थॅलेसेमिया बाल सेवा योजनेत 10 लाखांपर्यंत मिळतात.

किनवटकर
बोन मॅरोत जीव जातो म्हणतात.

लॅबवाला लातूर
धोका आहेच, नाही कोण म्हणलं? पण लिव्हरवर लोह साचत गेलं की तो वाढतो, म्हणून तर घाई.

गोदावरी एक्सप्रेस
लग्नाआधी पत्रिकेसोबत एचबीए2 (थॅलेसेमिया वाहक कळायची रक्ततपासणी) बघत जा सगळ्यांनी.

दुधनाकाठ
आमचं लग्न होऊन 13 वर्षं झाली साहेब. वय 8, फेरिटिन 3800. लोह काढायची गोळी पाण्यात ढवळून देतो, पण पोरगं आठवड्यात दोन-तीनदा मोरीत ओतायलं हे बायकोनं आत्ता सांगितलं. मोठी मुलगी 11 ची आहे, तिची तपासणी करा असं कुणी म्हणलंच नाही.

औंढ्याची ताई
मग आधी गोळी! डॉक्टरला विचारून संत्र्याच्या रसात ढवळून बघा. अन् समोर बसून पाजा, ग्लासाच्या बुडाला राहिलेलं परत पाणी घालून द्या.

पूर्णा रोड
दीड एकर रोडटच आहे का?

दुधनाकाठ
विकायची नाही आता. लॅबवाले भाऊ, पोरीला टेस्टला उपाशीपोटी न्यायचं का?

लॅबवाला लातूर
नाही, जेवू घालून आणा.