बाबांच्या इम्प्लांटवर फ्रेम कसली घालू? टायटॅनियम, झिरकोनिया की पीक (PEEK)?

म्हापसेकर:
बाबा ७२ वर्षांचे, खालच्या जबड्यात चार इम्प्लांट (हाडात बसवायचे स्क्रूसारखे खुंट) घातलेत, सध्या ॲक्रिलिकचे टेम्पररी दात आहेत. आता चारींना जोडून वर दात धरणारी पक्की फ्रेम करायचीय. डॉक्टर टायटॅनियम नाहीतर झिरकोनिया (पांढरं कडक सिरॅमिक) म्हणतात, पण भावाच्या ओळखीतला एकजण सांगतो पीक (एक प्रकारचं प्लास्टिक) घ्या, ते मऊ असतं, चावतानाचा धक्का तेच गिळतं, कडक फ्रेम असली की सगळा जोर हाडावर येऊन हाड झिजतं. ऐकायला पटतं, पण खरंच तसं असतं का? बाबांना पोय नि सुका बांगडा सोडायचा नाहीये.

लॅबवाला_फोंडा:
बरंचसं उलटं आहे हो. ताठपणा बघितला तर पीक साधारण ४ गिगापास्कल, टायटॅनियम ११०, झिरकोनिया आणि कोबाल्ट-क्रोम मिश्रधातू २०० च्या आसपास. हाडाचं वरचं कडक कवच १४-१५, म्हणजे पीक हाडाहूनही मऊ. आता गावातला साकव आठवा, बांबूचा असला की पाय ठेवाल तिथे वाकतो आणि जवळच्या खांबावरच भार पडतो, लोखंडी गर्डर टाकला की वाकत नाही, भार चारी खांबांना वाटून जातो. फ्रेमचं तसंच, मऊ असली की जवळच्या इम्प्लांटच्या मानेशी नि फ्रेम आवळणाऱ्या स्क्रूवर ताण चढतो. धक्का गिळतं म्हणे! चावताना आपण दाबतो, हातोडा मारत नाही, जोर कुठूनतरी हाडात जाणारच. बाकी कंप्युटर मॉडेलमध्ये टायटॅनियम आणि झिरकोनियामुळे हाडात पडणारा फरक किरकोळच दिसतो, त्यावर डोकं घालवू नका.

पेडण्याची_सून:
मटेरियलपेक्षा बसते कशी ते बघा. सासूबाईंची झिरकोनियाची होती, वर्षात तीनदा स्क्रू सैल. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी सगळे स्क्रू काढून फक्त एका टोकाचा आवळला, तर दुसऱ्या टोकाला फ्रेम उचललेली, नखाच्या जाडीची फट मला नुसत्या डोळ्यांनी दिसली! म्हणजे काही न खाता पण इम्प्लांट ओढले जात होते. झिरकोनिया कापून जोडता येत नाही म्हणून सगळी परत करावी लागली, पैसे परत आमचेच.

लॅबवाला_फोंडा:
बरोबर बोललात ताई, टायटॅनियम असती तर कापून लेझरने जोडता आली असती. आणि म्हापसेकर, शेवटच्या इम्प्लांटच्या मागे फ्रेम किती लोंबतेय ते विचारा. १० मिमी आणि २० मिमी यात खूप फरक, त्या टोकावर चावलं की तरफच होते. मी तर मागे एकच दात ठेवा म्हणेन. आणि जोराचंच बोलतोय तर, बाबा झोपेत दात खातात का?

म्हापसेकर:
आई म्हणते पूर्वी रात्रभर करकर ऐकू यायची. हे डॉक्टरांना सांगितलंच नाही आम्ही.

लॅबवाला_फोंडा:
मग फ्रेम करायला टाकायच्या आधी सांगा, नाइटगार्डचं (रात्री दातांवर घालायचं कव्हर) पण तेव्हाच विचारा.